मुंबई–लंडन हवाई मार्ग

मुंबई–लंडन हवाई मार्ग हा भारतातील मुंबई आणि युनायटेड किंग्डममधील लंडन या दोन शहरांना जोडणारा आंतरराष्ट्रीय विमानमार्ग आहे. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांमधील सर्वांत कमी हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर (अंदाजे ४,४८० मैल किंवा ३,८९० सागरी मैल) आहे. थेट विमानाने मुंबईहून लंडनला जाण्यास साधारणपणे साडेनऊ ते साडेदहा तास लागतात, तर लंडनहून मुंबईला येण्यास साधारणपणे नऊ ते साडेनऊ तास लागतात. स्वतंत्र भारतातील विमान कंपनीची युरोपला जाणारी पहिली नियमित सेवा ८ जून १९४८ रोजी याच मार्गावर सुरू झाली.

अंतर

पृथ्वी गोल असल्याने तिच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग भिंतीवरच्या नकाशावर पट्टीने आखलेल्या रेषेसारखा नसतो. पृथ्वीचे केंद्र आणि ती दोन ठिकाणे यांतून जाणारी पातळी कल्पिली, तर ती पृष्ठभागाला ज्या वर्तुळात छेदते त्याला बृहद्वृत्त म्हणतात. विमानमार्गाचे ‘अंतर’ म्हणून जो आकडा दिला जातो तो या वृत्ताच्या कंसाची लांबी असतो. मुंबई विमानतळ सुमारे १९° उत्तर अक्षांशावर व ७३° पूर्व रेखांशावर आहे. हीथ्रो सुमारे ५१.५° उत्तर अक्षांशावर, शून्य रेखांशाच्या किंचित पश्चिमेस आहे. या दोन स्थानांमधील कंस पृथ्वीच्या केंद्राशी जवळजवळ ६५ अंशांचा कोन करतो. एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर धरले, की ७,२०० किलोमीटरचा आकडा मिळतो. शाळकरी विद्यार्थ्यालाही हा हिशेब पृथ्वीगोल आणि दोरा घेऊन पडताळून पाहता येतो.

हा कंस मुंबईहून वायव्येकडे निघतो आणि सौराष्ट्र ओलांडून कराचीजवळून बलुचिस्तानात शिरतो. तेथून तो पूर्व इराण, कॅस्पियन समुद्राचा नैऋत्य कोपरा, कॉकेशस पर्वत, काळ्या समुद्राचा ईशान्य भाग, युक्रेन, दक्षिण पोलंड आणि जर्मनी यांवरून लंडनला पोहोचतो. त्याचे एक वैशिष्ट्य नवख्याला खरे वाटणार नाही असे आहे. मुंबई लंडनपेक्षा ३२ अंशांहून अधिक दक्षिणेला असूनही लंडनहून मुंबईकडे निघणाऱ्या सर्वांत जवळच्या मार्गाची सुरुवातीची दिशा जवळजवळ थेट पूर्व असते. दक्षिणेकडचा कल वाटेत हळूहळू वाढत जातो.

याउलट मर्केटर पद्धतीच्या सपाट नकाशावर दोन शहरांना जोडणारी सरळ रेषा अरबी समुद्र, दक्षिण इराण, इराक, तुर्कस्तान, बल्गेरिया अशी जाते. काळ्या समुद्राच्या पूर्व टोकाच्या रेखांशावर हे दोन मार्ग एकमेकांपासून सुमारे आठ अक्षांश, म्हणजे जवळपास ९०० किलोमीटर दूर असतात. तरीही नकाशावरील सरळ रेषेची लांबी सुमारे ७,४०० किलोमीटर, म्हणजे बृहद्वृत्तापेक्षा केवळ २०० किलोमीटरने अधिक भरते. ही बाब वरवर किरकोळ वाटते. पण उत्तरेकडची वाट बंद झाल्यावरही या मार्गावरील विमाने फारसा वेळ न दवडता का जाऊ शकतात, याचे स्पष्टीकरण तिच्यात आहे.

प्रवासाचा कालावधी

या मार्गावरील जेट विमाने दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जातात. अंतराला वेगाने भागल्यास उत्तर आठ तास येते. वेळापत्रकात मात्र नऊ-दहा तास लिहिलेले असतात. वर चढण्यासाठी व खाली उतरण्यासाठी लागणारा जादा वेळ, ठरवून दिलेल्या वाटांमुळे पडणारा फेरा, धावपट्टीपर्यंतचे सरकणे आणि उतरण्यापूर्वीचे थांबणे यांत हा फरक खर्च होतो. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी प्रायः एकच वापरता येते आणि गर्दीच्या वेळी उड्डाणासाठी रांग लागते. हीथ्रोला दोन समांतर धावपट्ट्या आहेत, पण त्यांची क्षमता जवळजवळ पूर्ण वापरात असते. येणारी विमाने लंडनच्या आसपास ठरलेल्या जागांवर एकाखाली एक अशा थरांत घिरट्या घालत आपल्या पाळीची वाट पाहतात. खिडकीतून थेम्स नदी दोन-तीनदा दिसली, तर वैमानिक वाट चुकला असे समजण्याचे कारण नाही.

जाण्याच्या आणि येण्याच्या वेळेत जो फरक पडतो तो वाऱ्यामुळे. मध्य अक्षांशांत मोठ्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. संपूर्ण मार्गावर वाऱ्याचा सरासरी परिणाम ताशी ५० किलोमीटर धरला, तर जमिनीच्या तुलनेत वेग जाताना ८५० आणि येताना ९५० किलोमीटर होतो. एवढ्यानेच ७,२०० किलोमीटरच्या प्रवासात सुमारे पन्नास मिनिटांचे अंतर पडते. हिवाळ्यात जेट प्रवाह अधिक जोरदार व अधिक दक्षिणेकडे असल्याने हा फरक त्या ऋतूत वाढतो.

घड्याळातील फरक

भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिच वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळे एक तास पुढे असतात, त्यामुळे त्या काळात हा फरक साडेचार तासांचा होतो. भारतात घड्याळे बदलत नाहीत.

तिकिटावर निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. हिवाळ्यात पहाटे दोनला मुंबईहून निघालेले विमान दहा तासांनी लंडनला उतरते, तेव्हा तेथे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. कागदावर प्रवास साडेचार तासांचा दिसतो. उलट, लंडनहून सकाळी दहाला निघून नऊ तासांनी मुंबईत उतरणाऱ्या प्रवाशाला घड्याळात रात्रीचे साडेबारा आणि दिनदर्शिकेत दुसरा दिवस दिसतो. कागदावरचा प्रवास साडेचौदा तासांचा होतो. विमानतळावर घ्यायला येणारी मंडळी एक दिवस आधी किंवा उशिरा पोहोचण्याचे प्रसंग बहुधा या तारखेच्या घोटाळ्यातून घडतात.

मुंबईपुरती यात आणखी एक गुंतागुंत एकेकाळी होती. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली, तरी मुंबई शहरात ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटे पुढे असलेली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत वापरात होती. १९४८ मध्ये लंडनचे विमान पकडणाऱ्या मुंबईकराला आपल्या घरातले घड्याळ कोणत्या वेळेचे आहे याचाही विचार करावा लागत असे.

इतिहास

समुद्रमार्ग

विमानांपूर्वी या दोन शहरांमधील प्रवास जहाजाने होत असे. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून जाणारा मार्ग सुमारे १९,८०० किलोमीटरचा होता आणि त्याला काही महिने लागत. सुएझ कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजी खुला झाल्यावर हे अंतर सुमारे ११,६०० किलोमीटरवर आले. आगबोटींमुळे हा प्रवास पुढे तीन-चार आठवड्यांत आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याहूनही कमी वेळात होऊ लागला. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये याच मार्गाने इंग्लंडला गेल्या. त्यांचे ‘इंग्लंडचा प्रवास’ हे लेखन त्या सफरीचे आहे. घाईचे प्रवासी व टपाल भूमध्य समुद्रातील बंदरात उतरून पुढे आगगाडीने युरोप ओलांडत व काही दिवस वाचवत.

टपाल विमाने

३० मार्च १९२९ रोजी ब्रिटनच्या इंपीरियल एअरवेज या कंपनीने लंडन–कराची साप्ताहिक सेवा सुरू केली. या प्रवासाला सात दिवस लागत. प्रवासी लंडनजवळच्या क्रॉयडन येथून विमानाने स्वित्झर्लंडमधील बाझेलला, तेथून आगगाडीने इटलीतील जेनोव्हाला, तेथून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने अलेक्झांड्रियाला आणि पुढे पुन्हा जमिनीवरील विमानाने कराचीला जात. त्याच वर्षीच्या अखेरीस ही सेवा दिल्लीपर्यंत वाढवण्यात आली. मुंबई मात्र तिच्या बाहेर राहिली.

ही उणीव जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा आणि नेव्हिल व्हिंटसेंट यांनी भरून काढली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. टाटा यांनी एक इंजिनाचे पस मॉथ विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूच्या विमानतळावर आणले. लंडनहून कराचीला आलेले टपाल त्यात होते. तेथून व्हिंटसेंट ते बेळ्ळारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. मुंबई–लंडन हवाई संबंधाचा आरंभ असा पत्रांच्या थैलीने झाला. माणसांची पाळी नंतर आली. जुहूची जमीन पावसाळ्यात चिखलमय होत असल्याने त्या काळात हे काम पुण्याला हलवावे लागत असे. मुंबईचा पाऊस आणि विमानांचे वेळापत्रक यांचे वैर तेव्हापासूनचे आहे. पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जे.आर.डी. टाटा यांनी त्याच काळातील लेपर्ड मॉथ जातीच्या विमानातून कराची–मुंबई उड्डाण पुन्हा एकदा केले.

योगायोग असा की, लंडनमधील महाराष्ट्र मंडळाची स्थापनाही १९३२ मध्येच झाली. तिचे श्रेय नरसिंह चिंतामण केळकर यांना दिले जाते. मंडळाचे आरंभीचे सभासद अर्थातच बोटीने गेलेले होते.

मलबार प्रिन्सेस

टाटा एअरलाइन्सचे १९४६ मध्ये एअर इंडिया या सार्वजनिक कंपनीत रूपांतर झाले. स्वातंत्र्यानंतर, मार्च १९४८ मध्ये, भारत सरकारच्या भागीदारीने एअर इंडिया इंटरनॅशनल ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. तिचे पहिले विमान ८ जून १९४८ रोजी कप्तान के.आर. गझदर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. चार पंख्यांच्या, लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीच्या त्या विमानाचे नाव ‘मलबार प्रिन्सेस’ होते. त्यात पस्तीस प्रवासी होते आणि स्वतः जे.आर.डी. टाटाही होते. मधल्या दोन थांब्यांसह या प्रवासाला सुमारे एक अहोरात्र लागले. १९२९ मध्ये कराचीपर्यंतच सात दिवस लागत होते, हे लक्षात घेता वीस वर्षांहून कमी काळात झालेला हा बदल त्यानंतरच्या कोणत्याही बदलापेक्षा मोठा म्हणावा लागेल.

जेट युग

ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनने ऑगस्ट १९५२ मध्ये लंडन–कोलंबो मार्गावर कॉमेट हे जगातील पहिले प्रवासी जेट विमान आणले. ते कराची व मुंबई येथे थांबत असे. पुढे अपघातांमुळे कॉमेटची पहिली आवृत्ती सेवेतून काढावी लागली. एअर इंडियाने १९६० मध्ये बोइंग ७०७ विमाने आणली आणि प्रवासाचा वेळ एकदम घटला. १९७१ मध्ये बोइंग ७४७ आले. या विमानांचा पल्ला जसजसा वाढला तसतसे कैरो, बैरूत, जिनिव्हा, रोम यांसारखे मधले थांबे गळत गेले आणि प्रवास विनाथांबा झाला. त्यानंतर वेग वाढलेला नाही. १९६०च्या दशकातील ७०७ आणि आजचे ७८७ यांचा आकाशातील वेग जवळजवळ सारखाच आहे; वाचला तो वेळ थांबे टळल्यामुळे.

अपघात

या मार्गावरील दोन भीषण अपघात फ्रान्स व इटली यांच्या सीमेवरील मों ब्लां या आल्प्समधील सर्वोच्च (सुमारे ४,८०७ मीटर) शिखराच्या माथ्याजवळ, जवळजवळ एकाच जागी, सुमारे पंधरा वर्षांच्या अंतराने झाले. दोन्ही विमाने जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत होती. जिनिव्हाचा विमानतळ मों ब्लांपासून फार दूर नाही, आणि दक्षिणेकडून येणाऱ्या विमानाला पर्वत ओलांडल्याखेरीज खाली येता येत नाही.

पहिला अपघात ३ नोव्हेंबर १९५० रोजी झाला. १९४८ चे ऐतिहासिक उड्डाण करणारे ‘मलबार प्रिन्सेस’ हेच विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला जात असताना वादळी हवेत मों ब्लांवर आदळले. चाळीस प्रवासी आणि आठ कर्मचारी असे सर्व अठ्ठेचाळीस जण मरण पावले. प्रवाशांत ब्रिटनमधील जहाजावर रुजू होण्यासाठी निघालेले भारतीय खलाशी होते. ज्यांच्या आधीच्या पिढ्या हा प्रवास बोटीच्या तळघरात कोळसा ओढत करीत, ते बोट गाठण्यासाठी विमानाने निघाले होते. अपघातस्थळी पोहोचण्याचा प्रयत्न करताना शामोनीचे वाटाडे रने पायो यांचाही हिमात मृत्यू झाला. फ्रेंच कादंबरीकार आंरी त्रोया यांची १९५२ मधील एक कादंबरी या घटनेवरून सुचलेली असून तिच्यावर आधारित ‘द माउंटन’ हा अमेरिकी चित्रपट १९५६ मध्ये आला.

दुसरा अपघात २४ जानेवारी १९६६ रोजी सकाळी झाला. मुंबईहून दिल्ली, बैरूत व जिनिव्हामार्गे लंडनला जाणारे एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान मों ब्लांवर आदळले आणि त्यातील सर्व एकशे सतरा जण मृत्युमुखी पडले. त्यांत भारतीय अणुऊर्जा कार्यक्रमाचे शिल्पकार होमी जहांगीर भाभा होते. ते आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला निघाले होते. फ्रेंच चौकशीतून निष्पन्न झाले ते असे: विमानातील दिशादर्शक उपकरणांपैकी एक बंद होते. जमिनीवरील नियंत्रकाने रडारवर पाहून विमानाचे मों ब्लांच्या संदर्भातील स्थान सांगितले. वैमानिकाने त्याचा अर्थ शिखर मागे पडले असा घेतला आणि उतरण्यास सुरुवात केली. प्रत्यक्षात शिखर अजून पुढे होते. भाभा यांच्या मृत्यूमागे घातपात असल्याच्या कथा भारतात वारंवार छापल्या जातात. त्यांना पुष्टी देणारा पुरावा पुढे आलेला नाही. काही मैलांच्या गैरसमजुतीने एवढा मोठा माणूस जावा हे मनाला पटत नाही, हेच अशा कथांचे खरे मूळ असावे.

दोन्ही विमानांचे अवशेष बोसों हिमनदीने गिळले. हिमनदी सावकाश उताराकडे सरकते आणि वर पडलेले सारे अनेक दशकांनी खाली आणून सोडते. २०१२ मध्ये भारतीय परराष्ट्र खात्याची टपालाची थैली सापडली. २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला पाचू, माणके व नीलम असलेली पेटी मिळाली. त्याने ती पोलिसांच्या स्वाधीन केली आणि कोणी वारस पुढे न आल्याने २०२१ मध्ये ती रत्ने तो गिर्यारोहक व शामोनी नगरपालिका यांच्यात वाटली गेली. २०२० मध्ये हिमनदीच्या टोकाशी जानेवारी १९६६ ची भारतीय वर्तमानपत्रे सापडली. इंदिरा गांधी पंतप्रधान होणार असल्याची बातमी त्यांत होती आणि कागद वाळवल्यावर वाचता येत होता. मानवी अवशेषही अधूनमधून आढळतात. ते दोहोंपैकी कोणत्या अपघातातील, हे ठरवणे अवघड असते.

२३ जून १९८५ रोजी आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रावर बॉम्बस्फोटाने नष्ट झालेले एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे विमानही माँट्रियलहून लंडन व दिल्लीमार्गे मुंबईला यायचे होते. त्यातील सर्व ३२९ जण मरण पावले. मात्र स्फोट लंडनला पोहोचण्याआधीच झाल्याने त्या घटनेची गणना या मार्गावर सहसा केली जात नाही.

हवाई हद्दी आणि बदलता मार्ग

नकाशावरील सर्वांत जवळची वाट विमानाला मिळेलच असे नाही. प्रत्येक देश आपल्या आकाशाचा मालक असतो आणि वाटेतील कोणत्याही देशात युद्ध पेटले की मार्ग बदलतो. इराण–इराक युद्ध (१९८०–८८) आणि १९९०–९१ चे आखाती युद्ध या दोन्ही वेळी या भागातील वाटा बदलाव्या लागल्या. २७ फेब्रुवारी २०१९ पासून, बालाकोट हल्ल्यानंतरच्या तणावात, पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली. ती पूर्ववत होण्यास १६ जुलै २०१९ उजाडला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने आक्रमण केल्यापासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद आहे. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना पुन्हा बंदी केली आणि ती पुढे महिन्या-महिन्याने वाढवत नेली. भारतानेही पाकिस्तानी विमानांना तशीच बंदी घातली. ही बंदी ब्रिटिश कंपन्यांना लागू नसल्याने एकाच मार्गावर दोन देशांच्या विमानांसाठी दोन वेगळे नकाशे तयार झाले.

याचा अर्थ बृहद्वृत्ताचा तो मूळ कंस सध्या कोणालाच पूर्ण उडता येत नाही: युक्रेन सर्वांना बंद आणि पाकिस्तान भारतीयांना. भारतीय विमाने मुंबईहून पश्चिमेकडे अरबी समुद्रावर जातात आणि ओमान व आखाताच्या बाजूने उत्तरेकडे वळून तुर्कस्तान व पूर्व युरोपवरून लंडनला पोहोचतात. हा मार्ग नकाशावरील त्या सरळ रेषेच्या बराच जवळून जातो, आणि म्हणूनच मुंबईला या बंदीचा फटका मर्यादित बसतो. दिल्लीची स्थिती वेगळी आहे. तेथून निघालेल्या विमानाला आधी दक्षिणेकडे गुजरातपर्यंत यावे लागते, तेव्हा कुठे समुद्र मिळतो. मुंबई समुद्रकाठी आहे, हा तिचा जुना फायदा विमानांच्या काळातही टिकून राहिला आहे.

वाट पूर्णच अडली तर मात्र दक्षिणेचाही उपयोग होत नाही. १३ जून २०२५ रोजी इस्राएल–इराण संघर्ष पेटून इराण व इराकचे आकाश बंद झाले, तेव्हा मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान वाटेतून मुंबईला परत आले आणि लंडनहून मुंबईला येणारे व्हिएन्नाला उतरवावे लागले. त्याच वर्षी २१ मार्च रोजी विद्युत उपकेंद्राला लागलेल्या आगीमुळे हीथ्रो विमानतळ दिवसभर बंद पडला, तेव्हाही मुंबईहून निघालेले विमान माघारी आले होते. त्या दोन दिवशी शेकडो प्रवाशांनी काही तास आकाशात घालवून मुंबई–मुंबई प्रवास केला.

निसर्ग आणि रोगराई यांनीही हा मार्ग बंद पाडला आहे. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेमुळे ब्रिटनचे आकाश सुमारे सहा दिवस बंद होते. कोविड-१९ च्या साथीत भारताने मार्च २०२० मध्ये नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे थांबवली. ती २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत झाली. मधल्या काळात दोन देशांतील विशेष करारानुसार मोजकी विमाने जात. डिसेंबर २०२० मध्ये विषाणूच्या नव्या प्रकारामुळे भारताने ब्रिटनची विमाने थांबवली, तर एप्रिल २०२१ मध्ये ब्रिटनने भारताला लाल यादीत टाकले. आईवडील एका देशात आणि मुले दुसऱ्या देशात असलेल्या अनेक कुटुंबांना त्या दोन वर्षांत अंत्यदर्शनही पडद्यावरच घ्यावे लागले. दहा तासांच्या अंतराचा हिशेब वाट खुली असेल तरच करता येतो.

विमान कंपन्या

या मार्गावर एअर इंडिया, ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक यांच्या विनाथांबा सेवा प्रमुख आहेत. जेट एअरवेजने मे २००५ मध्ये मुंबई–लंडन सेवेने युरोपात पाऊल ठेवले होते. ती कंपनी एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली. व्हर्जिन अटलांटिकने मुंबई सेवा एकाहून अधिक वेळा बंद करून पुन्हा सुरू केली. एअर इंडियाचे १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले होते. २७ जानेवारी २०२२ रोजी ती टाटा समूहाकडे परत गेली. दुबई, अबू धाबी, दोहा येथे विमान बदलून जाणारे प्रवासीही मोठ्या संख्येने आहेत. त्यांचा एकूण प्रवास साधारण बारा ते सोळा तासांचा होतो, पण भाडे बहुधा कमी पडते. आखातातील हे थांबे मुंबई–लंडन मार्गाच्या वाटेवरच असल्याने अंतर फारसे वाढत नाही. वाढतो तो मधल्या विमानतळावरील वेळ.

घरापासून घरापर्यंत

वेळापत्रकातील नऊ-दहा तास हे विमानाचे असतात, प्रवाशाचे नव्हेत. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी पोहोचावे लागते. पुण्याहून मुंबई विमानतळ सुमारे १५० किलोमीटरवर आहे. घाटातील वाहतूक लक्षात घेता जाणते प्रवासी चार-पाच तास हाताशी ठेवतात, नाशिककरांचेही तसेच. कोल्हापूर, सोलापूर किंवा रत्नागिरीहून निघणाऱ्यांचा पूर्ण दिवस किंवा रात्र यातच जाते. हीथ्रोवर पारपत्र तपासणी व सामान मिळणे यांत एक ते दोन तास, आणि पुढे भुयारी रेल्वेने मध्य लंडनला साधारण एक तास लागतो. पॅडिंग्टनपर्यंतची जलद गाडी हे अंतर पंधरा मिनिटांत कापते, मात्र तिचे भाडे बरेच अधिक असते. हे सर्व धरता पुण्यातील घराच्या दारापासून लंडनमधील दारापर्यंत वीस तास लागणे नेहमीचे आहे. या वीस तासांपैकी आकाशात जातात ते जेमतेम निम्मे.